तारा तांबडा, सातबारा परक्याचा

पॅरिस शहराच्या उत्तर वेशीला लागून सेंतुआं नावाचे एक जुने कामगार-नगर आहे. तेथील फुटबॉल क्लबाचे नाव रेड स्टार. हे नाव कानी पडताच आपल्यापैकी अनेकांना दूरच्या नात्यातले माणूस भेटल्याचा भास होईल. फ्रान्समधील डाव्या तरुणांनाही तो होतो. फुटबॉलशी ज्यांचे फारसे देणेघेणे नाही अशी माणसेही या क्लबाचा सदरा अंगात घालून हिंडतात, ती या नावापायीच. खेळातील पराक्रम पाहावा तर अलीकडच्या काळात सांगण्यासारखा थोडाच आहे. १९७५ साली हा संघ पहिल्या श्रेणीतून खाली उतरला आणि पुढची पन्नास वर्षे तो तेथे परतू शकला नाही.

प्रथम एक भ्रम दूर केलेला बरा. या क्लबाचा तारा क्रांतीचा नाही. क्लबाची स्थापना १८९७ सालची, म्हणजे ऑक्टोबर क्रांतीच्या वीस वर्षे आधीची. ‘रेड स्टार’ हे इंग्रजी नाव एका इंग्रज शिक्षिकेने सुचवले आणि ते त्या नावाच्या आगबोट कंपनीवरून घेतले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, संघाचा सदरा आजही हिरवाच आहे! संस्थापक ज्यूल रिमे हे समाजवादी नव्हते. ते श्रद्धाळू कॅथलिक होते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या स्थितीविषयी जे परिपत्रक काढले, त्याने भारावलेल्या पिढीचे ते प्रतिनिधी. श्रीमंत आणि गरीब यांनी एका मैदानावर यावे, म्हणजे वर्गावर्गांतील कटुता ओसरेल, अशी त्यांची धारणा होती. ही धारणा आपल्याला भाबडी वाटेल, आणि ती भाबडी होतीच. तथापि तेविशीतल्या या तरुणाने आपल्या क्लबाचे दार कोणत्याही वर्गाच्या माणसाला बंद ठेवले नाही, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

कारण तेव्हा फ्रान्समधील खेळांवर हौशीपणाच्या सोवळ्याचे राज्य होते. खेळासाठी पैसा घ्यायचा नाही, हे तत्त्व ऐकायला थोर वाटते. परंतु कारखान्यात आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्याने मजुरी बुडवून सामन्याला यायचे कसे, दुखापत झाली तर घर चालवायचे कसे, या प्रश्नांना त्या तत्त्वापाशी उत्तर नव्हते. खेळाडूला मोबदला नाकारणे म्हणजे गरिबाला मैदान नाकारणे होय, हे रिमे यांनी ओळखले आणि व्यावसायिक फुटबॉलचा पुरस्कार केला. हेच गृहस्थ पुढे १९२१ ते १९५४ अशी तेहेतीस वर्षे जागतिक फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष होते आणि १९३० सालची पहिली विश्वचषक स्पर्धा त्यांच्याच खटपटीने भरली. फ्रान्सने व्यावसायिक स्पर्धा मान्य केली ती १९३२ साली. तिच्या पहिल्या वीस संघांत रेड स्टार होता. म्हणजे पैसा या क्लबात बाहेरून घुसलेला चोर नव्हे. तो आरंभापासून घरातच होता, आणि एका न्याय्य कारणासाठी आला होता. पुढील विवेचनात ही गोष्ट विसरून चालणार नाही.

क्लब सेंतुआंला आला १९०९ मध्ये. १९२१, २२ आणि २३ अशी सलग तीन वर्षे त्याने फ्रान्सचा राष्ट्रीय चषक जिंकला, पुढे १९२८ आणि १९४२ मध्ये आणखी दोनदा. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील काही सामनेही सेंतुआंच्या मैदानावर झाले. भोवती कारखाने वाढत होते. ब्रिटनी प्रांतातून, इटलीतून, स्पेनमधून, पुढे अल्जीरियातून मजूर येत होते, आणि रविवारी दुपारी जवळचे मैदान म्हणजे हेच. क्लबाला कामगारवर्गाने स्थापन केले नाही. त्याने तो हळूहळू आपलासा केला. या आपलेपणाची नोंद मात्र कोठल्याही दफ्तरात झाली नाही.

तारा खऱ्या अर्थाने तांबडा झाला तो महायुद्धाच्या काळात. १९४२ च्या मे महिन्यात रेड स्टारने सेत या संघाचा २-० असा पराभव करून पाचवा चषक जिंकला. देशावर नाझींचा ताबा होता, स्पर्धा मात्र चालू होत्या. त्याच महिन्यात सेंतुआंचे कम्युनिस्ट डॉक्टर ज्याँ-क्लोद बोएर यांना जर्मनांनी माँ-व्हालेरियाँच्या किल्ल्यात गोळ्या घातल्या. मैदानाशेजारच्या रस्त्याला पुढे त्यांचे नाव मिळाले आणि रस्त्यावरून ते मैदानालाही चिकटले. त्या मैदानाचे अधिकृत नाव ‘पॅरिस मैदान’ असे भारदस्त होते. लोकांच्या तोंडी ते ‘बोएर’ झाले. चषक उंचावणारे खेळाडू आणि भिंतीपुढे उभा केलेला डॉक्टर यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण लोकस्मृतीने त्यांना एका जागी आणून ठेवले, आणि त्या दोहोंत मैदानाला नाव द्यायच्या वेळी चषकाची नव्हे, डॉक्टरांची निवड झाली.

दुसरे नाव रिनो देला नेग्रा याचे. हा इटालियन स्थलांतरित मजुराचा मुलगा. जन्म १९२३ चा, उत्तर फ्रान्समधील खाणींच्या मुलखातला; बालपण आर्जाँतेय या कामगार वस्तीत गेले. चौदाव्या वर्षी तो मोटारींचे भाग बनविणाऱ्या शोसाँ कारखान्यात कामाला लागला. पायात विलक्षण वेग होता. कामगार-क्रीडा संघटनांच्या सामन्यांतून त्याचे नाव झाले आणि १९४३ साली रेड स्टारने त्याला घेतले. त्याच वर्षी फ्रेंच तरुणांना जर्मनीत सक्तमजुरीला पाठविण्याचा हुकूम निघाला. रिनोने तो मानला नाही. तो भूमिगत झाला आणि स्थलांतरित कामगारांच्या सशस्त्र प्रतिकार-दलात, मिसाक मानुशियान या आर्मेनियन कवीच्या नेतृत्वाखालच्या गटात, सामील झाला. गंमत अशी, की भूमिगत असतानाही त्याने खेळणे सोडले नाही. नोव्हेंबर १९४३ मध्ये पॅरिसच्या लाफायेत रस्त्यावरील कारवाईत जखमी होऊन तो पकडला गेला. २१ फेब्रुवारी १९४४ रोजी मानुशियानसह बावीस जणांना त्याच माँ-व्हालेरियाँच्या किल्ल्यात गोळ्या घातल्या गेल्या; त्यांत वीस वर्षांचा रिनो होता. धाकट्या भावाला लिहिलेल्या अखेरच्या पत्रात त्याने रेड स्टारमधील सर्वांना नमस्कार आणि निरोप कळवला.

या गटातील दहा जणांची छायाचित्रे छापून जर्मनांनी लाल रंगाची भित्तिपत्रके फ्रान्सभर लावली होती. हे परदेशी, हे ज्यू, हे गुन्हेगार. हे का तुमचे मुक्तिदाते, असा त्या पत्रकाचा सवाल होता. रिनोचा चेहरा त्या दहांत नाही. कदाचित म्हणूनच त्याची स्मृती सरकारी समारंभांपेक्षा मैदानावर अधिक टिकली. रेड स्टारचे समर्थक ज्या बाजूला उभे राहून घोषणा देतात त्या सज्ज्याला त्यांनीच त्याचे नाव दिले. दर फेब्रुवारीत त्याची आठवण केली जाते. हे काम कोणा मालकाने केले नाही, कोणा पगारी अधिकाऱ्याने केले नाही. तिकीट काढून येणाऱ्या माणसांनी केले.

युद्धानंतरचा इतिहास मात्र फारसा गौरवाचा नाही, आणि तो झाकण्याचे कारण नाही. १९५५ साली लाचखोरीच्या प्रकरणामुळे क्लबाची पहिल्या श्रेणीतील बढती रोखली गेली. १९६७ मध्ये तर तुलूझच्या क्लबाशी विलीनीकरण करून त्याची पहिल्या श्रेणीतील जागाच पटकावण्यात आली. ज्या तुलूझकरांचा संघ असा रातोरात सातशे किलोमीटर दूर निघून गेला, त्यांना कोणी विचारले होते काय? १९७८ साली क्लबाचे दिवाळे निघाले. २००३ मध्ये पुन्हा तीच गत होऊन संघ थेट सहाव्या श्रेणीत जाऊन पडला. हे सारे परदेशी भांडवल येण्यापूर्वीचे आहे. १९७८ चे दिवाळे तर अशा काळातले, जेव्हा फ्रान्समधील बहुतेक क्लब १९०१ च्या कायद्याखाली नोंदलेल्या, नफा न वाटणाऱ्या संस्था होत्या. संस्था म्हणजे लोकशाही असे समीकरण आपण कार्यकर्ते फार चटकन मांडतो. वर्षानुवर्षे एकाच अध्यक्षाच्या खिशात असलेल्या संस्था आपण पाहिलेल्या नाहीत असे थोडेच आहे!

येथे मुद्द्याला हात घातला पाहिजे. या संस्थांचा गोंधळी कारभार आवरण्यासाठी १९८४ मध्ये, मितराँ यांच्या समाजवादी राजवटीत, क्रीडामंत्री एदविज आव्हीस यांनी कायदा आणला. ठरावीक उलाढालीपुढच्या क्लबांनी आपला व्यावसायिक संघ चालविण्यासाठी कंपनी काढली पाहिजे, असे बंधन त्याने घातले. पण त्या क्रीडा-कंपनीत मूळ संस्थेचा ठरावीक किमान वाटा हवा आणि नफा भागधारकांत वाटता कामा नये, अशा दोन अर्गळाही त्याने ठेवल्या. त्या निघाल्या १९९९ च्या डिसेंबरात. नव्या कायद्याने आणखी एक प्रकारची कंपनी निर्माण केली. तिच्यात संस्थेच्या किमान हिश्शाची अट नव्हती आणि नफा वाटण्याची मुभा होती. त्या वेळी पंतप्रधान समाजवादी पक्षाचे जोस्पँ होते आणि क्रीडामंत्री होत्या मारी-जॉर्ज ब्युफे, कम्युनिस्ट. ब्युफेबाईंच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. युरोपीय बाजाराचा रेटा प्रचंड होता, मोठ्या क्लबांचे मालक रोज दार ठोठावत होते. तरीही इतिहासात नोंद व्हायची ती हीच, की फ्रान्समधील क्लब पूर्णपणे विकत घेता येण्याजोगा झाला तो उजव्यांच्या नव्हे, डाव्यांच्या सहीने.

रेड स्टारच्या वाट्याला हे भोग उशिरा आले. २००८ मध्ये चित्रपटनिर्माते पात्रिस आद्दाद यांनी क्लबाची सूत्रे घेतली. त्यांच्या पदरात त्यांचे माप टाकले पाहिजे. त्यांनी पडलेला क्लब उभा केला, मुलांसाठी खेळाबरोबर कलांच्या कार्यशाळा चालविल्या, आणि २०१५ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत आणला. पण बोएर मैदान त्या श्रेणीच्या नियमांत बसेना, तेव्हा घरचे सामने सत्तर किलोमीटरांहून दूर बोव्हेला आणि पुढे पॅरिसच्या श्रीमंत पश्चिम भागातील मैदानावर खेळावे लागले. संघ वर चढला आणि घर सुटले. त्याच सुमारास रेड स्टारचा सदरा ही पॅरिसमधील फॅशन बनली. क्लबाने एका माजी खेळाडूला खास या ‘सर्जनशील’ कामासाठी नेमले. प्रतिकाराचा इतिहास, उपनगराचा रांगडेपणा, हिरव्यावरचा तांबडा तारा, सारेच विकाऊ झाले. दरम्यान सेंतुआंही बदलत होते. १९४५ पासून असलेली कम्युनिस्टांची नगरपालिका २०१४ मध्ये गेली. २०२० मध्ये समाजवादी महापौर निवडून आले. त्याच वर्षी मेट्रोचा नवा मार्ग पोहोचला, २०२१ मध्ये गावातला मोटारीचा मोठा कारखाना बंद पडला, घरांच्या किमती चढल्या. बोएर मैदानही नगरपालिकेने २०२१ मध्ये एका बांधकाम कंपनीला विकले. तेथे नव्याने सज्जे उभे राहू लागले, त्यांच्या जोडीला दुकाने-कार्यालयांची योजना आली.

आणि २०२२ च्या मे महिन्यात क्लब अमेरिकेतील मायामीच्या ‘७७७ पार्टनर्स’ या गुंतवणूक कंपनीच्या हाती गेला. जेनोवा, लिएज, रिओ दि जानेरो येथील जुने क्लब तिने असेच गोळा केले होते. समर्थकांनी मैदानात निषेधाचे फलक लावले, धूर केला, सभा घेतल्या. त्यांचे म्हणणे साधे होते: ज्या नावाची किंमत तुम्ही मोजता आहात, ते नाव कोणी कमावले? डॉक्टर बोएर यांनी? रिनोने? दिवाळखोरीच्या वर्षांत सहाव्या श्रेणीतले सामने पाहायला पावसात उभ्या राहिलेल्या आमच्या बापांनी? कायद्यापाशी या प्रश्नाला रकाना नव्हता. भाग ज्याचे, क्लब त्याचा. कसणारा कोण आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे, हा वाद आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

समर्थकांच्या भीतीला प्रत्युत्तर असे दिले जाई, की भांडवलाविना भावना मैदानावर गोल करत नाहीत. यात तथ्य आहे. २०२४ च्या वसंतात हबीब बेय यांच्या मार्गदर्शनाखाली संघ तिसऱ्या श्रेणीत अव्वल येऊन दुसऱ्या श्रेणीत परतला. परंतु नेमक्या त्याच सुमारास ७७७ पार्टनर्स ही कंपनीच कर्जाखाली कोसळली आणि तिने जमवलेले क्लब धनकोंच्या दफ्तरात मालमत्तेच्या बाबी म्हणून जाऊन पडले. याला भांडवलाची शिस्त म्हणायचे असेल, तर १९७८ च्या संस्थेच्या बेशिस्तीत आणि हिच्यात फरक एवढाच, की त्या वेळी निदान दिवाळखोर सेंतुआंमध्ये भेटत तरी होते.

हे अटळ होते काय? बर्लिनकडे पाहावे. याच कंपनीने २०२३ मध्ये हेर्था बर्लिन या क्लबाच्या भांडवलातील मोठा हिस्सा घेतला. पण जर्मनीत १९९८ पासून असा नियम आहे, की पैसा कोणाचाही असो, मतांचे बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राहील. हेर्थाच्या सभासदांनी २०२२ मध्ये तर एका जुन्या कट्टर समर्थकालाच अध्यक्ष निवडले होते. मायामीची कंपनी बुडाली तेव्हा हेर्थाही अडचणीत आला, त्याची पैशाची ददात संपली नाही. परंतु क्लबाचे काय करायचे हे ठरविण्याचा अधिकार सभासदांच्या हातून गेला नव्हता. एकच कंपनी, तीच वर्षे, दोन देशांतले दोन कायदे. भांडवलशाही दोन्हीकडे तितकीच, हेही ध्यानात ठेवावे. बहुमत राखण्यासाठी क्रांतीची वाट पाहावी लागली नाही.

फ्रान्समध्येही वाटा आहेत. पूर्वेकडील सोशोचा क्लब प्यूजो या मोटार कंपनीने १९२८ मध्ये काढला आणि २०१५ मध्ये परदेशी गुंतवणूकदाराला विकून टाकला. २०२३ मध्ये तो बुडण्याच्या बेतात आला, तेव्हा हजारो समर्थकांनी वर्गणी काढून भाग घेतले, स्थानिक उद्योजक पुढे आले आणि क्लब तिसऱ्या श्रेणीत का होईना, जगला. कॉर्सिकातील बास्तियाचा क्लब २०१७ मध्ये दिवाळे निघून पाचव्या श्रेणीत गेला. त्याने सहकारी कंपनीचे रूप घेतले, तीत समर्थक, कर्मचारी, स्थानिक शासन यांना वेगवेगळ्या गटांतून मत दिले, आणि २०२१ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत परतला. सहकार या शब्दाने हुरळून जाऊ नये इतके अनुभव आपल्या गाठीशी आहेत. सोशोच्या समर्थकांचा वाटाही लहानच आहे. पण लहान वाटा आणि शून्य वाटा यांत अंतर असते. हिशेब मागण्याचा हक्क ज्याला आहे त्याला फलक घेऊन उभे राहावे लागत नाही.

आजच्या पॅरिसचे चित्र पाहिले म्हणजे हे अंतर अधिक जाणवते. शहरातील सर्वांत बलाढ्य क्लब २०११ पासून कतारच्या राज्यनिधीकडे आहे. दुसरा २०२४ मध्ये युरोपातील सर्वांत श्रीमंत कुटुंबांपैकी एकाने घेतला. तिसरा हा आमचा तांबड्या ताऱ्याचा.

२१ फेब्रुवारी २०२४ रोजी, गोळीबाराला ऐंशी वर्षे झाली त्या दिवशी, मिसाक मानुशियान आणि त्यांची पत्नी मेलिने यांना फ्रान्सच्या राष्ट्रपुरुषांच्या स्मारकात, पाँतेआँमध्ये, स्थान देण्यात आले. त्यांच्या साथीदारांची नावे तेथे कोरली गेली. त्यांत रिनो देला नेग्रा हे नाव आहे. राष्ट्राध्यक्षांनी भाषण केले. स्थलांतरितांविषयीचा कडक कायदा त्याच सरकारने काही आठवड्यांपूर्वीच जारी केला होता, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. आपल्या विषयापुरते एवढेच सांगायचे, की क्रीडा-क्लबांना सहकारी कंपनीचे रूप घेण्याची उघड परवानगी देणारा कायदा फ्रान्समध्ये २ मार्च २०२२ रोजी झाला आहे. रेड स्टारची विक्री त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी झाली. सेंतुआंचे समर्थक आज हिश्शाची मागणी करतात तेव्हा त्यांना नवा कायदा नको आहे. १९८४ च्या कायद्यातील किमान वाट्याची अट परत आणावी आणि २०२२ च्या कायद्याने उघडलेल्या दाराने आत येऊ द्यावे, एवढ्याने त्यांचे काम भागेल. पॅरिसमध्ये पुढे जे कोणी डावे सरकार येईल, त्याच्या टेबलावर हा कागद पहिल्या आठवड्यात ठेवण्याजोगा आहे.